वाळवंटीकाठचा उद्यम

डिचोलीहून सांखळीकडे जाणारा रस्ता करापूरच्या हद्दीत ज्या ठिकाणी फुटतो, त्या ठिकाणास या भागातील लोक 'करापूरचे तिस्क' म्हणतात. तीन वाटा एकत्र येतात ते तिस्क, इतका त्या शब्दाचा साधा अर्थ. सकाळी आठच्या सुमारास तेथे थोडा वेळ उभे राहिले म्हणजे भोवतालच्या गावांतील तरुण पिढीची सारी हकीकत न विचारता कळते. कोणी होंड्याच्या, पिसुर्ल्याच्या अथवा थिवीच्या औद्योगिक वसाहतीकडे नेणाऱ्या गाडीची वाट पाहत असतो, कोणी पणजीच्या बसची, कोणी प्रमाणपत्रांची फाइल उराशी धरून कोणत्यातरी खात्याच्या मुलाखतीस निघालेला असतो. आणि सर्व गाड्या निघून गेल्यावरही जे तिस्कावरच उरतात, त्यांच्याकडे पाहून मनाला जी टोचणी लागते तीच या लेखाचे निमित्त होय.

तरुणांच्या बेकारीचा प्रश्न हा आजकालचा, शिक्षण वाढले आणि नोकऱ्या आटल्या म्हणून उद्भवलेला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. करापूर, सांखळी, डिचोली आणि उत्तरेकडील पेडणे या मुलखाचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास चाळला असता मात्र असे दिसते की, येथील तरुणांच्या हाताला मिळणारे मोठे काम बहुधा बाहेरून आले, बाहेरच्याच कारणाने गेले, आणि ते गेले त्या त्या वेळी मागे उरलेल्या माणसांना आपल्या गावात काय होते याची आठवण फार उशिरा झाली.

या इतिहासातील पहिला कागद मिठाचा आहे. सन १६७१ मध्ये शिवछत्रपतींनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस जे पत्र लिहिले, त्यात बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीज अमलाखालील मुलखातून, येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. डिचोली व पेडणे हे महाल त्या काळी कुडाळ प्रांताशीच निगडित होते. परमुलखातील मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या रयतेची मिठागरे ओस पडतील, हे ज्या राज्यकर्त्याने ओळखले त्याने जकातीचा विचार केवळ खजिन्याच्या नव्हे तर रयतेच्या उदरनिर्वाहाच्या अंगाने केला होता, आणि म्हणून मला हे पत्र महसुली कागदाहून अधिक मोलाचे वाटते. त्यानंतर दोनशे सात वर्षांनी, २६ डिसेंबर १८७८ रोजी, पोर्तुगाल आणि इंग्रज सरकार यांच्यात जो करार झाला त्याने गोव्यातील मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. परंतु ज्या गावांची नावेच आगरांवरून पडली आहेत, पेडण्यातील आगरवाडा त्यांपैकीच एक, अशा किनाऱ्यालगतच्या गावांत पिढीजात मीठ पिकविणाऱ्यांची जी घडी त्या काळात विस्कटली ती पूर्ववत बसली नाही. एकाच मिठाविषयीच्या या दोन निर्णयांपैकी एकात रयतेच्या पोराबाळांच्या पोटाचा विचार होता आणि दुसऱ्यात तो नव्हता.

त्याच करारातून मुरगावचे बंदर आणि तेथून घाट चढून जाणारी लोहमार्गाची वाट निर्माण झाली. १८८८ च्या सुमारास रेल्वे सुरू झाली आणि घाटावरून बैलांच्या तांड्यांनी उतरणारा, सांखळीसारख्या नदीकाठच्या पेठेत होडीवर चढणारा जो माल होता त्याचा ओघ रुळांच्या दिशेने वळला. सांखळीच्या बाजारावर ज्यांचे पोट होते ते हमाल, होडेकरी, बैलवाले, दलाल यांच्या घरी रेल्वेने काय आणले हे कोणत्याही सरकारी अहवालाने सविस्तर नोंदविले नाही. मुंबईकडे जाणाऱ्या माणसांची संख्या याच काळात वाढत गेली, एवढे मात्र निश्चित.

बाहेर जाणे या मुलखाला नवे नव्हते. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या पदरी बक्षीपदापर्यंत चढले, हे उदाहरण घरोघर सांगितले जाई. परंतु एक जिवबादादा निघाला म्हणजे शेकडो नामशेष झालेले शिपाई त्याच्या मागे असतात याचे भान अशा कथांत राहत नाही. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि हा टापू 'नव्या काबिजादी', म्हणजे नव्याने काबीज केलेला मुलूख, या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढील शतकात येथील मराठा तरुणांस फौजेत चाकरी मिळाली, तीही कशी? १८९५ च्या सप्टेंबरात त्यांना समुद्रापार मोझांबिकला धाडण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी गलबतावर चढण्याचे नाकारले, बंड झाले आणि सत्तरीचे दादा राणे त्यात सामील झाले. १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेणाऱ्या दीपाजी राण्यांपासून चालत आलेल्या राण्यांच्या बंडांचा इतिहास बहुधा शौर्याच्या अंगाने लिहिला जातो आणि तो तसा लिहिला जाणे योग्यच आहे. तथापि १८९५ च्या बंडाच्या मुळाशी, आपल्या हातांचे काम कोठे आणि कोणत्या अटींवर करावयाचे हे ठरविण्याचा तरुणांचा हक्क होता, ही गोष्ट मला त्या शौर्याइतकीच महत्त्वाची वाटते.

बाहेरून आलेल्या कामाची ही परंपरा झाली. गावातच उगवलेल्या कामाची परंपरा दुसरी, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

गोव्यातील गावकरी ही संस्था, जिला पोर्तुगीजांनी 'कुमुनिदाद' हे नाव दिले, तिची पाळेमुळे त्यांच्या आगमनापूर्वीची आहेत. गावची शेते गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची. त्यांची ठराविक मुदतीने पावणी व्हावयाची, म्हणजे सर्वांसमक्ष बोली लावून ती कसावयास दिली जावयाची. आलेल्या उत्पन्नातून बांध, तळी, मानशी (बांधांतील पाण्याची दारे), देवळे यांचा खर्च भागवून जी शिल्लक उरे ती 'जण' म्हणून गावकऱ्यांत वाटली जाई. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा कारू-नारूंस 'नमशी' जमीन लावून दिलेली असे, जेणेकरून गावाला त्यांची सेवा आणि त्यांना गावाचा आधार मिळावा. या संस्थेत जातिभेद होता, स्त्रियांना स्थान नव्हते, आणि सत्तरीसारख्या ज्या भागात मोकासदारांचा, म्हणजे इनामदार घराण्यांचा, अंमल प्रबळ होता तेथे तिचे बळ क्षीण झाले होते. हे दोष झाकून तिचे गुणगान करण्यात अर्थ नाही. परंतु नफा मिळवावा, तो गावाच्या गरजेत प्रथम घालावा आणि मग उरलेला वाटून घ्यावा, हा जो तिच्या हिशेबाचा क्रम होता, त्यालाच आज 'सामाजिक उद्योजकता' या नावाने व्यवस्थापनाच्या विद्यालयांत शिकविले जाते. गावच्या जमाखर्चाच्या वहीत जे शतकानुशतके लिहिले गेले ते परक्या नावाने परत आले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. पण ते आपलेच आहे हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, याची मात्र खंत वाटते.

डिचोलीची दुसरी श्रीमंती तिच्या कारागिरांत होती. येथील कासारांच्या पितळी समया गोव्यातील देवळांत आणि देवघरांत शोभतात. येथील कुंभारांची तांबूस मातीची भांडी आजही जत्रांतून विकली जातात. समई घडविणारा कासार प्रथम काय पाहतो? तेल किती काळ पुरावे, वात कोणत्या कोनात टेकावी, वाऱ्याने दिवा हलला तरी तेल सांडू नये, आणि म्हाताऱ्या गृहिणीला ती घासताना बोट कापू नये, हे पाहतो, नक्षी त्यानंतरची. वापरणाऱ्याच्या हाताकडे पाहून वस्तूचा विचार करणे, ओबडधोबड नमुना करून पाहणे, चुकला तर पुन्हा ओतणे, या क्रमालाच आज 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात. मी त्याला योजकदृष्टी म्हणेन. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दाम्पत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल सादर केला, आणि त्यात आपल्या घराघरांतील साध्या लोट्याची त्यांनी उत्तम योजनेचा नमुना म्हणून मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या अहवालाच्या प्रेरणेने अहमदाबाद येथे १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आणि त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. परदेशी पाहुण्यांनी ज्या लोट्यात आधुनिक विद्येचे मर्म पाहिले तो लोटा घडविणाऱ्याचा मुलगा मात्र पुढील दोन-तीन दशकांत वाडवडिलांची भट्टी विझवून खाणीच्या ट्रकवर चढला.

कुंभारांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गोव्याचे घुमट हे वाद्य म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे; त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे चामडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि घुमट वाजविणे हा जणू गुन्हा ठरण्याची वेळ आली. कारागीर आणि वादक यांनी शेळीचे चामडे वापरून पाहिले. नादासाठी कुठे चामड्याची जाडी, कुठे ताण बदलून पाहिला, आणि वाद्य जगविले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. निर्बंधाला बळी न पडता त्यातून नवी वाट काढणे यापेक्षा योजकदृष्टीचा अधिक चांगला धडा मला ठाऊक नाही, आणि तो शिकविणारी माणसे आपल्या मातृभाषेत बोलणारी, आपल्याच शेजारची आहेत.

आता खाणींकडे वळू. १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याने खनिज-सवलती देण्याची वाट मोकळी केली होती. परंतु खरा ओघ दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला, जेव्हा युद्धात बेचिराख झालेल्या जपानला पोलाद हवे होते आणि डिचोली-सत्तरीच्या डोंगरांत लोहखनिज होते. मुक्तीपर्यंत हा व्यवसाय चांगलाच फोफावला आणि त्यानंतर दयानंद बांदोडकर हे खाणमालकच मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी शाळा निघाल्या. ज्या घरांनी कधी अक्षर पाहिले नव्हते त्या घरांतील मुले लिहू-वाचू लागली, हे या राजवटीचे ऋण कोणी नाकारू नये. पण शाळेतून बाहेर पडलेल्या मुलासमोर जे काम उभे होते ते ट्रकचे, यंत्राचे आणि मांडवीतून मुरगावकडे खनिज नेणाऱ्या बार्जचे. पगार रोख आणि तत्काळ. शेतात चार महिने चिखल तुडवून जे मिळे ते खाणीवर एका महिन्यात मिळू लागल्यावर शेत कोण करणार? शिरगावसारख्या गावांत खाणीच्या गाळाने शेते भरली, विहिरींचे पाणी खाली गेले. तेव्हा शेत सोडणे ही आवड उरली नाही, ती निरुपायाची गोष्ट झाली.

२०१० च्या आसपास गोव्यातून एका वर्षात पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्या दिवसांत डिचोली-सांखळीच्या रस्त्यावर ट्रकांची अखंड रांग असे आणि धुळीने झाडांची पाने लाल दिसत. गावातील तरुणाने बँकेचे कर्ज काढून ट्रक घ्यावा, दोन वर्षांत दुसरा घ्यावा, आणि त्याच्या लहान भावाने महाविद्यालय अर्धवट सोडून त्या दुसऱ्या ट्रकवर बसावे, असा परिपाठ पडला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू होण्याची वाट उघडली; पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून ट्रक पुन्हा अंगणात उभे राहिले. चाके जमिनीत रुतली, टायरांवर वेली चढल्या, हप्त्यांच्या नोटिसा येत राहिल्या. शासनाने मदतीच्या योजना काढल्या, त्या काहींच्या उपयोगी पडल्या. बेकायदा उत्खनन थांबले पाहिजे होते याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु ज्या तरुणाने कोणताही कायदा मोडला नव्हता, केवळ समोर दिसलेले एकमेव काम धरले होते, त्याला या घडामोडीची सर्वांत मोठी किंमत द्यावी लागली, याविषयीही नाही. २०२४ मध्ये लिलावाने दिलेल्या डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले, आणि पुष्कळ घरांत जुनी आशा पुन्हा जागी झाली. ती आशा मला समजते. तिची भीतीही वाटते.

दरम्यान सरकारी नोकरी हे एकच सुरक्षित स्थान उरले असे तरुणांना वाटू लागले. २०२२-२३ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेकारीचा दर ९.७ टक्के निघाला, तेव्हा देशाचा दर ३.२ टक्के होता. दरडोई उत्पन्नात अग्रभागी असणाऱ्या राज्यात ही स्थिती का, याचे एक कारण असे की येथील शिकलेला मुलगा मिळेल ते काम धरण्याऐवजी ठराविक कामाची वाट पाहू शकतो. घरात कोणीतरी मिळवते असते. पेडण्यात मोपाचे विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाले, त्यासाठी जमिनी गेल्या, आणि भूमिपुत्रांना काय मिळाले हा वाद आजही विझलेला नाही. मीठ, फौज, खाण आणि विमानतळ, या चारही कामांची किल्ली गावाबाहेर राहिली.

या पार्श्वभूमीवर गेल्या दहा वर्षांत नवे शब्द आले. गोव्याचे स्टार्टअप धोरण २०१७ मध्ये जाहीर झाले. सांखळीजवळ पर्ये येथील गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अटल इनक्युबेशन सेंटर उघडले. २०२० मध्ये 'स्वयंपूर्ण गोवा' मोहीम निघाली आणि सरकारी अधिकारी पंचायतीत जाऊन बसू लागले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु दोन दिवसांची कार्यशाळा, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या, शेवटी छायाचित्र आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर योजकदृष्टी येत नाही. ती कासाराच्या पोराला पंधरा वर्षे भट्टीशेजारी बसून येत असे. विद्या लवकर शिकविता येईल, हे नाकारत नाही. पण शिकविणाऱ्याने निदान त्या भट्टीपर्यंत जाऊन यावे.

असे झाल्याचे उदाहरण दूरचे नाही. पेडणे १७८८ पर्यंत ज्या सावंतवाडी संस्थानाचे होते, त्या सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते, करण्याची कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लुप्त झाली होती. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने. ती रंगविणारे हात मोजकेच उरले होते. राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्यांकडून ती कला स्वतः शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारखाना काढून गावातील तरुणांना ती शिकविली. कागदाचे स्वस्त छापील पत्ते आल्यावर गंजिफा खेळणारे उरले नव्हते. तेव्हा तीच चित्रशैली लाकडी पेट्या, पाट, फर्निचर यांवर उतरविण्यात आली, जेणेकरून विकत घेणारा भेटावा आणि रंगविणाऱ्याची चूल पेटावी. डिझाइन थिंकिंग आणि सामाजिक उद्योजकता या दोन्ही शब्दांच्या व्याख्या एका वाक्यात सांगा असे कोणी मला म्हटले, तर मी त्याला सावंतवाडीच्या राजवाड्यात नेईन. पेडण्याच्या हरमल मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिला असा कोणी शिवरामराजे भेटावा, एवढेच वाटते.

आणि करापूर? करापुरात विठ्ठलापूर आहे. राण्यांनी जपलेले विठ्ठलाचे देऊळ, पुढे वाळवंटी नदी, चैत्रातला उत्सव. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री याच वाळवंटीच्या पात्रात नौकांचा उत्सव भरतो आणि दूरदूरच्या गावांतील तरुणांचे गट आपापल्या नौका घेऊन येतात. बांबू, पुठ्ठा, थर्माकोल, कागद, वायर आणि दिवे एवढ्या साहित्यातून त्यांनी अनेक रात्री जागून सुशोभित गलबते उभारलेली असतात. ती पाण्यावर तरली पाहिजेत, वाऱ्याने कलंडता कामा नयेत, आतील दिवे भिजता कामा नयेत, आणि वर्गणीच्या पैशांतच सारे बसले पाहिजे. काठावर दाटी करून उभ्या असलेल्या हजारो माणसांपैकी कोणालाही त्या रात्री असे वाटत नाही की या मुलांच्या हातात कौशल्य नाही, हिशेब नाही, किंवा चारजणांनी मिळून काम तडीस नेण्याची शिस्त नाही.

तरीही त्यांपैकी कितीतरी मुले दुसऱ्या दिवशी सकाळी तिस्कावर फाइल घेऊन उभी असतात. म्हणून पर्येच्या व्यवस्थापन-विद्यालयाला, डिचोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला, पंचायतीला आणि उद्योजकतेच्या कार्यशाळा भरविणाऱ्या सर्वांना माझी एकच विनंती आहे: यंदाच्या त्रिपुरारीपूर्वी पंधरा दिवस या मुलांच्या मांडवात येऊन बसा, नौका बांधताना त्यांना कोठे अडते ते पाहा, आणि पौर्णिमा झाल्यावर त्याच गटाला, त्याच वर्गणीच्या वहीसह, गावाला विकत घ्यावीशी वाटेल अशी एक वस्तू करावयास सांगा, भांडवल आणि बाजार तुम्ही पाहा, उरलेले ती पाहून घेतील.